साहेब, आता फोटोत या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्य कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, आमच्या वहिनी, त्यांची कन्या, सभागृहातले माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले साहेब, जे या क्षणी व्यासपीठावरच्या आपल्या खुर्चीत नसून खाली पहिल्या रांगेपुढे एक गुडघा टेकून माझा फोटो काढायच्या तयारीत आहेत. साहेब, सावकाश होऊ द्या. माझं भाषण लांब आहे.

लिफ्ट तपासणी विभागात साहेबांच्या हाताखाली हेडक्लार्क म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. लिफ्टच्या दोरांचे फोटो काढायला विभागाला एक छोटा डिजिटल कॅमेरा मिळाला, खिशात मावणारा. त्याच्या माथ्यावर एक चकती आणि चकतीवर चार इंग्रजी अक्षरं नि एक हिरवी खूण. त्या खुणेला ऑटो म्हणतात. तिथे ठेवला की कॅमेरा स्वतःच उजेड बघतो, स्वतःच सगळं ठरवतो, आपण फक्त बटण दाबायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी परिपत्रक काढलं: हिरव्या खुणेचा वापर बंद, आणि चकती फिरवण्याचा अधिकार फक्त विभागप्रमुखांना. "यंत्रच ठरवणार असेल, तर मी पगार कशाचा घेतो?" असं ते म्हणाले होते. प्रश्न रास्त होता. आम्ही परिपत्रकावर सह्या केल्या.

मग शिकवणी सुरू झाली. ए म्हणजे भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते आपण सांगायचं, उजेड किती वेळ आत घ्यायचा ते कॅमेरा बघून घेतो. एसवर याच्या उलट. निम्मा कारभार तुमचा, निम्मा समोरच्याचा; ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना हे लगेच समजलं. पी नावाची एक सोय आहे. तिथे दोन्ही गोष्टी कॅमेराच ठरवतो, पण तुम्हाला थोडं इकडेतिकडे करू देतो, म्हणजे आपलं मत घेतलं गेलं असं वाटतं. आपल्या मासिक बैठका याच पद्धतीने चालतात. राहता राहिला एम. तिथे छिद्र तुमचं, वेळ तुमची, आणि चुकलं तर चूकही तुमची. साहेब कायम एमवर असत. चूक मात्र उजेडाची असे.

इमारतीच्या माथ्यावरची लिफ्टची मशीनरूम किती अंधारी असते, हे आपण सगळे जाणतो. साहेब तिथेही गच्चीवरच्या उन्हातलीच मापं लावत, कारण ती एकदा बरोबर आली होती. फोटो काळाकुट्ट. खाली आम्ही लिहायचो, 'दोराची सद्यःस्थिती', आणि वर पाठवायचो. वरच्यांना कधी शंका आली नाही. एकदा पार पांढरा फोटो गेला, तर मुख्य कार्यालयाचा शेरा आला, 'मशीनरूम स्वच्छ ठेवल्याबद्दल अभिनंदन.' पाहुण्यांनी राग मानू नये, ते तेव्हा दुसऱ्या विभागात असावेत. मात्र एक सांगतो. साहेबांनी कुठलाही दोर स्वतःच्या हाताने चाचपल्याशिवाय पास केला नाही. फोटो कसेही येवोत, माणसं सुखरूप वरखाली करत राहिली.

साहेब, झालं का? नाही? बरं.

आता त्या बक्षिसाविषयी. खात्याच्या छायाचित्र प्रदर्शनात साहेबांना पहिलं बक्षीस मिळालं, 'प्रकाशावरील अचूक नियंत्रणासाठी'. तो फोटो आपल्या जिन्यात अजून आहे. सहलीच्या दिवशी नळावर हात धुताना पाणी अंगावर उडालंय आणि साहेब मनापासून हसताहेत, असा तो फोटो. खाली छायाचित्रकार म्हणून साहेबांचंच नाव. परीक्षकांनी तो पाहिला, वरिष्ठांनी पाहिला, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात धुणाऱ्या माणसाने स्वतःचा फोटो काढला कसा, हे कोणीच विचारलं नाही. आपल्या खात्यात असे प्रश्न विचारायची पद्धत नाही.

हात धुवायला जाताना साहेबांनी कॅमेरा वहिनींकडे दिला होता. त्यांच्या पर्समध्ये तो चाव्यांना घासला, चकती फिरली आणि हिरव्या खुणेवर जाऊन बसली. वहिनींनी सहज बटण दाबलं. वहिनी, मान खाली घालू नका. बक्षीस तुमचं आहे.

हे आज काढायचं कारण असं. येत्या रविवारी साहेबांच्या लेकीचं लग्न आहे. त्यासाठी घरी बोलणी करायला आलेल्या फोटोग्राफरला साहेबांनी विचारलं, "एमवर काढता ना?" तो म्हणाला, "गरज पडली तर." साहेबांनी त्याला परत पाठवला आणि जाहीर केलं की लग्नाचे फोटो ते स्वतः काढणार. परवा मुलगी माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, काळ्या फोटोंची भीती वाटतेय. ती म्हणाली, "काका, फोटो कसेही आले तरी चालतील हो. पण आमच्या घरच्या एकाही फोटोत बाबा नाहीत. माझ्या लग्नातही ते कॅमेऱ्यामागेच राहणार. मला ते शेजारी हवेत."

मी तिला नुसतं 'बघतो' म्हणालो. म्हणून आज बोलतोय.

विभागातर्फे निरोपाची भेट म्हणून नवा कॅमेरा आणला आहे. साहेबांचा हात पुढे आलेला दिसतो. साहेब, तो मागे घ्या. अध्यक्ष महोदय, कृपा करून ही भेट वहिनींच्या हातात द्यावी. वहिनी, चकती हिरव्या खुणेवर आहे, तिला हात लावू नका. साहेब, हातातला जुना कॅमेरा माझ्याकडे द्या आणि वर या. ही खुर्ची मघापासून तुमची वाट बघतेय, आणि तिच्याशेजारी तुमची लेक येऊन उभी राहिली आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. थट्टेच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. टाळ्या नंतर वाजवा, आत्ता जरा स्थिर बसा, वहिनी फोटो काढताहेत.

साहेब, चकतीकडे नाही. वहिनींकडे बघा.