सरत्या वर्षाचं नाव

किल्वा बंदरात सरत्या वर्षाला नाव द्यायचा मान मकामेआजोबांचा. उद्या नवं वर्ष. विहिरीच्या रांगेत ते बायकांकडे कान लावून उभे होते.

“मिसरचा सुलतान मेला, तेच नाव पडणार बघ.”

“छे गं. चीनमध्ये नदीने अख्खं शहर गिळलं, खलाशी सांगत होते.”

“माझी झाकिया यंदाची. कुठल्या वर्षीची म्हणून विचारलं, की जन्मभर तिने मरण नाहीतर पूर सांगायचा?”

“मग काय, तुझ्या बाळंतपणाचं नाव देऊ?”

“विहीर गोड झाली, ते द्या.”

“कधी झाली गं बाई?”

“चाखा की आजोबा, तुम्हीच सांगा.”

आजोबा ओंजळभर प्याले. पाणी नेहमीसारखंच खारट होतं.

“गोड आहे,” मिशा पुसत ते म्हणाले.