बिगर निवडलेली जवारी

— थांबा, वर ओतू नगा अजून, ही जवारी निवडलेलीच न्हाय की वो. खडं हायत बगा, ह्यो येक, ह्यो दुसरा. ईरण्णाकडचं पाव्हणं म्हणालात ना तुमी? त्याची बायको तर मूठभर दाणं बी तीनदा पाखडून धाडती, आज काय झालं तिला — अंगावर काढायली का काय? असू द्या. सुपात घेते मी, तुमी बसा त्या पोत्यावर. गिरणी चालू हाय तवर मोठ्यानं बोलावं लागंल. मला सवयच हाय मोठ्यानं बोलायची. तेवढ्यापायीच तर सगळं झालं.

व्हय, तीच मी. नळाच्या व्हिडिओतली बाई. तुमी बी बघितला? आधी बघितला असंल, आता दिसत न्हाय तो. माझी पोरगी प्रतीक्षा, कॉलेजला जाती, तिनं मोबाईलवर गावाचं पेज काढलेलं. आमच्या वस्तीत घरोघर नळ बसवलं — खाली पाइपच न्हाय. खांबाला तोटी आवळली, फोटो काढला, गेलं. धरण इथनं चार कोसांवर, आन् आमी हापशावर. पोरगी म्हणाली आई, तोटी फिरव. फिरवली तर हातातच आली. म्या म्हणलं, ह्यो नळ न्हाय, खुंटी हाय, सायबानं टोपी अडकवावी. झालं, एवढंच. शिवी न्हाय, कुणाच्या जातीवर न्हाय, देवावर न्हाय. दोन लाख माणसांनी बघितलं म्हणं. आठव्या दिवशी पेज गायब. उघडलं की येकच ओळ — कायद्याच्या मागणीवरनं भारतात दिसणार न्हाय. मागणी कुणाची, कायदा कंचा, सही कुणाची — काय न्हाय. खरं सांगू, मला भ्या तिथं वाटलं. शिपाई दारात आला तर त्याच्यासंगं भांडता येतं, त्याचं तोंड तरी दिसतं. ह्याला तोंडच न्हाय.

जरा सरका, दळण टाकते. हां. मंग ठाण्यातनं नोटीस आली, माझ्या नावानं — नागूबाई. पोरीचं नाव कुठंच न्हाय. कसं असंल? सिमकार्ड माझ्या आधारवर घेतलेलं, तवा ती अठराची बी नव्हती, अंगठा म्या दिलेला. म्हणजे पेज माझं आन् गुन्हा बी माझा. चौथी शिकलेली बाई मी, आन् इंटरनेटची आरोपी. हसू नगा. नोटीस पदराखाली दोन्ही हातांनी धरून जीपमधी बसले, लोहाऱ्याला गेले. तिथलं गुंडाप्पा वकील, म्हातारं हायती, त्यांनी वाचली आन् हसलं. म्हणाले, नागूबाई, ह्यात आयटी कायद्याचं सहासष्ट ए लावलंय, ते कलम सुप्रीम कोर्टानं दोन हजार पंधरालाच रद्द केलंय, मेलंय ते. मला वाटलं सुटले बाई. तर त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, हे मेलेलं म्हणून आपल्याला कळलं, उद्या जितं लावतील. तुमीच सांगा — मेलेल्या कायद्यानं माणसाला ठाण्यात बलावता येतं, तर जित्यानं काय करतील? त्या दिवसापास्नं दारात फटफटी थांबली की हातातलं टाकून आधी दाराकडं बघते. तुमची थांबली तवा बी बघितलं.

हात कापतोय व्हय? त्यो गिरणीनं. पंधरा वर्सं झाली, सगळं अंगच हादरतं हिच्यासंगं.

पण वकील म्हणाले, ह्यांच्या वर बी कुणीतरी हाय. सरकारनं झाकलं तर का झाकलं ते लिहून ठिवावं लागतं, आन् ते बरोबर का चूक ते कोर्टाला बघता येतं. बोलायचा हक्क घटनेत हाय, त्याला बांध घालायची कारणं बी घटनेतच मोजून दिलेत, त्यात नळाची तोटी बसत न्हाय. म्या इचारलं, चौथीवालीला बी हाय का तो हक्क? म्हणाले, तिथं इयत्ता लिहिलेली न्हाय. हायकोर्टात अर्ज गेलाय माझ्या नावानं. सोमवारी संभाजीनगरला जायचं. पोरगी कागदं घिऊन म्होरं गेली, मोबाईल मी न्यायचा — अस्सल व्हिडिओ त्यात हाय. नक्कल काढलीय वकिलांनी, पण कोर्ट अस्सल इचारंल म्हणतेत. तवर कुणी मागितला तर लेखी हुकूम आन् पावती असल्याबिगर द्यायचा न्हाय. घरात ठिवलाच न्हाय मी, घर पयलं हुडकतेत. पिठात नुसता ठिवला तर पीठ शिरतं, म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळून —

— काय न्हाय. काय म्हणत हुते मी? हां, दळण. बारीक पायजे का भरड? सांगा की. भाकरीचं दळण धाडताना बाई एवढं तर सांगून धाडती. — माझ्याकडं बगा, त्या पिठाच्या निळ्या डब्याकडं कशाला बघताय? थांबा. बंद करते गिरणी.

आता बरं ऐकू येतंय. ईरण्णाची बायको सकाळी हापशावर भेटली हुती मला. धडधाकट हाय. पाव्हणं आल्याचं काय बोलली न्हाय ती.

बगा, ह्या डब्यावर बसले मी. उठवायचं तर अंगाला हात लावावा लागंल, आन् त्याला बाई पोलीस लागती, ते बी वकिलांनी सांगितलंय. कागद दाखवा. सहीचा, तारखेचा. असंल तर माझ्या हातानं काढून देते, तुमी पावती लिवा. — बगा, खिशात नीट बगा. — न्हाय ना?

मंग जवारी उचला. निम्मी दळलीय, निम्मी तशीच हाय, तशीच न्या. खडं सुपात येगळं काढलेत, ते बी न्या, तुमचंच हायत.

आन् माझ्या पायाकडं बघू नगा. कापायलेत, ठावं हाय मला. गिरणी बंद हाय.