मी हरवले नव्हते, कामावर होते

जबाब

नाव – समीक्षा भगवान घरत. वय – १७ वर्षे. शिक्षण – अकरावी वाणिज्य. व्यवसाय – शिक्षण व नोकरी. राहणार – गव्हाण, ता. पनवेल, जि. रायगड.

मी आज सोमवारी सकाळी माझे वडील श्री. भगवान घरत यांच्यासोबत पोलीस ठाण्यात हजर असून, महिला हवालदार मॅडमनी विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी हरवले नव्हते. मला कोणी पळवून नेले नव्हते. काल रविवारी मी पनवेलच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात कामावर होते आणि ही गोष्ट माझ्या घरच्यांना माहीत होती.

मी वरील ठिकाणी वडील, आई सुनीता व थोरला भाऊ परेश यांच्यासह राहते. शेजारी माझे मोठे काका कमलाकर यांचे घर आहे. आमची शेती आणि मिठागर मी लहान असतानाच प्रकल्पात गेले. आता आमच्याकडे शेती नाही. चाळीच्या खोल्या आहेत आणि पनवेलमध्ये गाळे आहेत, ते भाड्याने दिलेले आहेत. आम्हाला कशाची कमी नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण कालपासून जो तो मला हेच विचारतो आहे की, तुला काय कमी होतं.

आमच्या घरात सकाळी उठून कोणालाही कुठे जायचे नसते. परेश दुपारी उठतो आणि गाडी धुतो. ती गाडी काल धुतलेली असते, तरी धुतो. मला एक अशी जागा हवी होती, जिथे मला उशीर झाला तर कोणीतरी विचारेल. म्हणून परीक्षा झाल्यावर सुट्टीत मी अर्धवेळ काम शोधायला लागले.

काम शोधताना काय झाले असे विचारल्यावरून सांगते की, काम मिळत नव्हते. एस.टी. स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात म्हणाले, मुलगा पाहिजे. कपड्यांच्या दुकानात म्हणाले, पूर्ण दिवस पाहिजे आणि अनुभव पाहिजे. अनुभव कुठे मिळतो ते त्यांनी सांगितले नाही. मिठाईच्या दुकानात नाव, गाव विचारले आणि म्हणाले, "गव्हाणचे घरत? भगवानशेठची मुलगी? काय चेष्टा करते का?" आणखी एका दुकानात मी गेले तर तो गाळा आमचाच निघाला. त्या दुकानदारांनी मला थंड सरबत पाजले, बाबांना फोन केला आणि स्वतःच्या स्कूटरवरून घरी आणून सोडले. पनवेलमध्ये मला सगळे बसायला खुर्ची देत होते, काम कोणी देत नव्हते.

चष्म्याच्या दुकानाच्या मालक नीता राजवाडे यांनी माझे आडनाव आधी विचारले नाही. त्यांनी समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. मी वाचली. मग त्यांनी घरी विचारले आहे का, असे विचारले. मी त्याच रात्री जेवताना सर्वांसमोर सांगितले की मला नोकरी लागली, दुपारी तीन ते सात. बाबा हसले. परेश म्हणाला, "आमाला पन एक गॉगल आन." मी दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले. घरी कोणी विचारले तर मी खरेच सांगत होते. पुढे गावात सांगताना घरचे त्याला क्लास म्हणत होते, त्याला मी काय करणार?

दुकानात मी काचा पुसणे, दांडीचे स्क्रू आवळणे, गिऱ्हाइकांच्या कानामागे फ्रेम नीट बसते का ते बघणे अशी कामे करत होते. दोन बुबुळांमधले अंतर मोजायला मॅडमनी शिकवले होते. तिथे फोन काउंटरवर वापरायचा नाही, खणात ठेवायचा, असा नियम आहे. एकदा मला दहा मिनिटे उशीर झाला तेव्हा नीता मॅडम मला ओरडल्या. मला बरे वाटले.

काल काकांचा मुलगा सत्यजीत याची हळद होती. सकाळपासून दुपारपर्यंत मी मांडवात पाने लावली, पाणी भरले. नंतर आईला सांगितले की सात वाजता सुटते आणि नाचायला हजर होते. परेशला पनवेलला बर्फ आणायला यायचे होते, त्यामुळे त्यानेच मला दुकानाच्या दारात सोडले.

पुढचे मला आईकडून समजले ते असे की, मांडवात उरणकडच्या पाहुण्यांनी काकांना विचारले, समीक्षा कुठे दिसत नाही. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या की पनवेलच्या दुकानात आमच्या सासऱ्यांना चष्मा लावणारी मुलगी हिच्यासारखीच दिसते. तेव्हा काका म्हणाले, "आमचे घरानशी पोर दुसऱ्याचे दुकानान कामाला जात नाय. ती आमची नव्हं." मग तुमची कुठे आहे, असे पाहुण्यांनी विचारले. काका म्हणाले, "तीच तर दुपारपासून सापडत नाय. फोन पन लागत नाय."

मुलगी कामाला जाते म्हणण्यापेक्षा मुलगी सापडत नाही म्हणणे त्यांना सोपे वाटले.

त्यानंतर डीजे बंद झाला. हळद अंगाला लागलेली सगळी माणसे गाड्यांत बसली. पाहुण्यांमधल्या एका माजी सरपंचांनी आपणहून पोलिसांना फोन लावून दिला. फोन काकांच्या हातात आल्यावर त्यांना मागे फिरता आले नाही आणि त्यांनी तक्रार दिली. मी अठराच्या आतली असल्यामुळे अपहरणाचा गुन्हा दाखल झाला, असे मला आज ठाण्यात समजले. बाबा तेव्हा तिथेच उभे होते.

परेश सर्वांत पुढच्या गाडीत होता. त्याने मला दुपारी सोडलेले असूनही गाड्या आधी कर्नाळ्यापर्यंत जाऊन आल्या. मी त्याला त्याचे कारण विचारले. तो म्हणाला, "डायरेक्ट दुकानावर आलो असतो तर लोकांना कललं असतं ना, आमाला ठावं हाय म्हणून."

साधारण सातच्या सुमारास मी एका आजोबांना नवा चष्मा लावून बघत होते. तेवढ्यात "सापडली, सापडली" असे ओरडत हळदीने कपडे पिवळे झालेली पंधरा-वीस माणसे दुकानात शिरली. आजोबांनी मला विचारले, "काय सापडलं?" मी म्हटले, "मी." त्या गर्दीत शोकेसची काच फुटली. कोणी फोडली ते मी पाहिले नाही. आजोबांचा चष्मा पायाखाली गेला. थोड्या वेळाने पोलीस आले आणि चौकशीसाठी नीता मॅडमना गाडीत बसवून घेऊन गेले. सगळा बाजार बघत होता.

आज सकाळी ठाण्यात येताना बाबा गाडीत मला म्हणाले, "बाईनं फूस लावली असं सांग. नायतर काकाची तक्रार खोटी ठरतं." मी तसे सांगणार नाही. नीता मॅडमनी मला फूस लावलेली नाही, कुठेही डांबून ठेवलेले नाही. त्यांनी मला काम दिले, एवढेच त्यांनी केले. तक्रार खोटी ठरते का, ते काकांना विचारावे.

मला अतिशय राग आलेला आहे. राग जबाबात लिहीत नाहीत, असे हवालदार मॅडम म्हणाल्या. तरी लिहावा, अशी मी विनंती केली.

नीता मॅडम आज ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. मी आत येताना त्यांच्याजवळ थांबले. त्या म्हणाल्या, "समीक्षा, तुझी काही चूक नाही गं. पण उद्यापासून येऊ नकोस. मला इथे दुकान चालवायचंय." मी ठीक आहे म्हणाले. ते ठीक नाही. मी खूप दुकाने फिरून ते एक दुकान शोधले होते. आता पनवेलमध्ये मला ओळखत नाही असे दुकान राहिलेले नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नीता मॅडमना घरी जाऊ द्यावे.

वरील मजकूर हवालदार मॅडमनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. वाचताना 'व्यवसाय' आला तेव्हा बाबांनी त्यातला 'नोकरी' हा शब्द काढायला सांगितला. आता नोकरी राहिलेली नाही, मग खोटे कशाला लिहायचे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी शब्द काढण्यास नकार दिला. मी अल्पवयीन असल्याने पालकाची सही लागते, म्हणून हवालदार मॅडमनी बाबांना त्यांचेही नाव, वय व व्यवसाय विचारला. नाव आणि वय त्यांनी लगेच सांगितले. व्यवसाय विचारल्यावर ते खिडकीकडे बघत बसले. मॅडमनी परत विचारले. मग ते म्हणाले, "शेती. शेतीच लिवा."

मी त्याला हरकत घेतली नाही. त्यानंतर बाबांनीही माझ्या शब्दाबद्दल काही म्हटले नाही आणि सही केली. दोन्ही शब्द तसेच ठेवले आहेत. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच उतरवलेला असून तो बरोबर आहे.

सही – समीक्षा भगवान घरत

पालकाची सही – भगवान घरत, वय ४९ वर्षे, व्यवसाय – शेती