मोत्याचा मालक

तुम्ही हसाल, पण एकदा एका वेबसाइटने मला माणूस म्हणून नापास केलं होतं.

तेव्हा मी तळोज्याला कंपनीत शिफ्टला जायचो आणि खांदा कॉलनीत खोली घेऊन एकटा राहायचो. नवीन कॉम्प्युटरवर त्या वेबसाइटवरचा एक खेळ सापडला, मराठी पोरांनीच चालवलेला. जादूचं राज्य. आपण आपलं पात्र लिहून पाठवायचं, ते मंजूर झालं की सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. नियम भरपूर होते. राजपुत्र नको, अजिंक्य योद्धा नको, साधा माणूस हवा. म्हटलं, साधा माणूस तर घरातच आहे. लिहिलं, 'किल्ल्यातली भट्टी सांभाळतो, खोलीवर येतो, भात लावतो, झोपतो.'

पात्रं तपासणाऱ्या मुलीचं उत्तर आलं, "हे पटत नाही. याचं कोणीच कसं नाही?"

मी लिहिलं, "असतात अशी माणसं."

"असतील हो, पण गोष्ट पुढे कशी जाणार? निदान एक कुत्रा तरी द्या."

दिला कुत्रा. नाव ठेवलं मोत्या. लगेच मंजूर.

पुढे मला कावीळ झाली. कितीतरी दिवस खोलीत पडून होतो, दाराची कडी कोणी वाजवली नाही. जरा उठता आल्यावर कॉम्प्युटर लावला, तर खेळात माझ्या नावाने हे एवढे निरोप. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. उघडून बघतो तर सगळ्यांचा एकच प्रश्न, "मोत्याला खायला कोण घालतंय?"

मी लिहिलं, "शेजारी घालतात."

आणि मग बसून शेजारी तयार केले.