ऑफिसातला खोल सोफा

हसा, माझ्या सोफ्याला खुशाल हसा. पण आधी त्या दिवशी काय झालं ते ऐका.

शिरूरला वकिलीचं नवं ऑफिस केलं, तेव्हा पुण्याच्या डिझायनरबाई म्हणाल्या, "ही लाकडी बाकडी काढा सर, एसटी स्टँड वाटतं." बाकडी गेली आणि एक बुटका, गुबगुबीत सोफा आला. बाहेरच्या पायऱ्यांनाही आरशासारखा ग्रॅनाइट.

पहिल्याच आठवड्यात तडजोडीचं बोलायला वडगाव रासाईचे दोघे भाऊ आले. थोरले आबा माझे अशील, समोरची पार्टी धाकटे आप्पा. बांधावरून दावा लागल्यापासून एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. बाकडी असती तर दोन टोकांना बसवले असते. आता दोघे एकाच सोफ्यात.

मी नकाशा उघडला आणि आबा भडकले. "वकीलसाहेब, त्याला सांगा, वीतभरबी सोडणार न्हाई. मी चाललो!"

चालले कुठं? गुडघे छातीला टेकलेले. एकदा जोर केला, पुन्हा केला, परत आतच. मी पुढं झालो तर ओरडले, "हात लावू नका!"

आप्पा कसेबसे उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. मागं फिरले. त्यांनी हात पुढं केला. आबा त्या हाताकडं नुसते बघत राहिले.

शेवटी धरला. उभे राहिल्या राहिल्या गरजले, "हात धरला म्हंजी बांध सोडला न्हाई!"

"व्हय, बांधाचं कोर्टात बघू," आप्पा म्हणाले. "पण आत्ता हात सोडू नको, दादा. पायऱ्या लई गुळगुळीत हायेत."