डंक ऑन हाय

या की अशा जवळ. उंबऱ्यात कसलं बसताय परक्यागत, आन् उन्हातनं आल्याबरोबर पाणी मागायला लाज वाटती व्हय तुम्हाला? डंकाच्या आवाजानं मला कमी ऐकू येतंय, लांबनं बोलशिला तर निस्तं त्वांड हललेलं दिसंल.

तर माझं म्हायेर नेसरीकडं, तिसरीत शाळा सुटली, लगीन करून ह्या शिरोलीत आले. मालकांचा चटणी कुटायचा, इजंवर चालणारा डंक हुता. उन्हाळ्यात वर्साची चटणी करायला बायकांची रांग लागायची, जिची चटणी तिनं म्होरं बसून कुटून घ्यायची, ही आमच्यातली रीत. मी निस्ती चाळायला. मालक गेले, आन् काय सांगू तुम्हाला, दीर म्हणाले, वयनी, डंक इकू, गाळा मोबाईलवाल्याला दिऊ, बाईमाणसाचा पदर अडकला म्हंजे? मी म्हटलं, एवढा उन्हाळा मला द्या, न्हाय जमलं तर इका.

बटनावर इंग्रजी लिवलेलं. आमची सून सुमन पलीकडच्या खोलीत पोरांची इंग्रजीची शिकवणी घेती, तिला इचारलं तर म्हणाली, चालू करायचं ते ऑन. मग मी लसूण सोलत रोज कान दिऊन बसायची. पुस्तक टेबलावर, ऑन. घड्याळ भितीवर, तरी ऑन. रविवारी सुट्टी, तिथंबी ऑन. कामावर, फोनवर, अंगात शर्ट घातला, समदं ऑनच. मी म्हटलं, सुमन, एवढ्या एका शब्दात संसार हुतोय की गं तुमचा, बाकीचे कशाला पाठ करायला लावतीस लेकरांना? ती म्हणाली, आत्ती, तुम्ही लसूण सोला.

पर त्या शर्टानं माझ्या डोक्यात उजेड पडला. रानात तण काढायला, भांगलायला जाताना आम्ही लुगड्यावर शर्ट घालतोयच की. मालकांचा जुना शर्ट काढला, पदर आत खवला, गळ्यापतूर बटनं लावली आन् हुबारले.

पयली आली शेजारची शालन. मला बघून म्हणाली, कंडक्टर, एक तिकीट द्या. हसू दे म्हटलं. पर घाईत मी कांदा-लसूण आधी टाकला. त्यो शेवटी टाकायचा आस्तोय, आधी कोरडी मिरची. झाला गोळा, बसला की उखळाच्या बुडाला चिकटून. दीर दारातच हुते. म्हणाले, झालं समाधान? आता बंद करा.

मी बंद केला. उलथण्यानं समदं खरवडलं, पुसलं, कोरडं केलं, घरातली माझी सोताची मिरची आणली आन् शालनला म्हटलं, बस, उठायचं न्हाय. मग ऑन. ह्या बारीला आधी मिरची, कांदा-लसूण शेवटी. चटणी झाली तशी शालननं चिमूट जिभंवर ठिवली, डबा झाकला आन् गेली. मला वाटलं, सपलं. सकाळी दार उघडते तर ती आपल्या जावांना घिऊन हुबी.

उन्हाळा सरत आला, डंक इकायचं कोण बोललं न्हाय. परवा दीर सोता मिरचीचं पोतं घिऊन आले, दारातनंच म्हणाले, वयनी, ऑन हाय का? म्हटलं, हाय. पर रीत ती रीत, म्होरं बसायला लागंल. बसले की खाली, शिंकत.

आता तुम्ही निघालासा, ही वाटीभर न्या. घरच्यांना घिऊन या एकदा, ऑन रविवार. भाकरी गरम वाढते. उंबऱ्यात तेवढं बसू नका.