हलवता येणारा नकाशा

...आणि वर सोसायटीचे सेक्रेटरीकाका मलाच विचारतात, "फाइल दिली आहे ना तुला?" अहो, दिली आहे, पण काय दिली आहे? आमच्या इमारतीचा तीस वर्षांपूर्वीचा नकाशा टेबलावर तिरका पसरून मोबाइलने फोटो काढलेला, त्याची पीडीएफ केलेली, मधोमध घडीची काळी रेघ, आणि डाव्या कोपऱ्यात, तुम्हाला सांगते, सेक्रेटरीकाकांचा अंगठा. नखासकट.

मी म्हटलं, "काका, मला कॅडमधली हवी. जिच्यात रेघा हलवता येतात अशी."

"रेघा कशाला हलवायच्या? इमारत हलणार आहे का?"

आता ती मला कशाला हवी, तर माझ्या आत्यासाठी. पाच महिन्यांपूर्वी तिचा खुबा मोडला, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत आहे. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टने खाली येते, मोठ्या दारापर्यंत जाते, आणि पुढे चार पायऱ्या. फक्त चार. तिथं खुर्ची थांबते आणि ही रस्त्यावरून जाणाऱ्यांची हजेरी घेत बसते, कारण उभा जन्म मास्तरकीत गेला. मी नुकतीच आर्किटेक्ट झालेली, अंगात नवा जोर, म्हटलं पायऱ्यांशेजारी उतार करू, त्यात काय मोठं? तर समिती म्हणाली, नकाशावर दाखव, रविवारच्या सभेत मंजूर करतो. तो रविवार हुकला की पुढची सभा वर्षाने.

मग बसले त्या पीडीएफचं कॅड करायला. सॉफ्टवेअर असतं हो त्याला, एक बटण दाबायचं, मिनिटात रूपांतर. झालंही मिनिटात. उघडून बघते तर एकेका भिंतीचे साठ-साठ तुकडे, दारं म्हणजे फुटलेल्या बांगड्या, 'जिना' या शब्दाच्या नुसत्या काटक्या, घडीची रेघ भिंत होऊन सगळ्यांच्या स्वयंपाकघरातून आरपार गेलेली, आणि अंगठा... अंगठ्याच्या सुरकुतीन् सुरकुतीची रेघ काढून त्या यंत्राने आमच्या आवारात टेकडी उभी केली होती. काटक्या गोळा करण्यापेक्षा नवी चूल मांडलेली बरी, म्हणून फोटो खाली ठेवून त्यावरून एकेक रेघ पुन्हा ओढत बसले. अकरा दिवस. ऑफिस सांभाळून.

त्यात मापांचे आकडे पुसलेले. सेक्रेटरींना फोन केला तर, "फाइल दिली आहे ना!" म्हटलं, ठीक आहे, एक दार नव्वद सेंटिमीटरचं धरते आणि त्या हिशोबाने इमारत ताणते. ताणली. तर लिफ्ट एवढी मोठी झाली की तिच्यात डबल बेड मावेल, कारण मी धरलेलं दार निघालं न्हाणीघराचं, सगळ्यांत अरुंद. मी डोकं धरून बसले, तर आत्या चहा पिता पिता म्हणते, "पायरीपासून फाटकापर्यंत सत्तावीस फरशा आहेत बघ, एकेक फूटभर. पाच महिने दुसरं काय केलं मी?" टेप घेऊन खाली गेले, फरक अर्ध्या बोटाचा. टेप घेऊन खाली जावं हे आर्किटेक्ट बाईंना आधी का सुचलं नाही, ते कृपा करून विचारू नका.

रविवार उजाडला. सभेची खोली अंगणापलीकडे, म्हणजे त्याच चार पायऱ्या उतरून. तेव्हा जिच्यासाठी सभा ती वर दारात, आणि आम्ही खाली, खिडक्या उघड्या ठेवून. टीव्हीवर नकाशा लावला, त्यात माझा उतार, सव्वासात मीटर, देखणा. खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, "हे हलतं का गं?"

मी फुशारकीने म्हटलं, "हलतं की," आणि हलवून दाखवलं.

झालं. अकरा दिवस ज्या नकाशाकडे कुत्रं फिरकलं नव्हतं, त्याच्यावर सगळे तुटून पडले. "डावीकडे घे, तिथं माझी स्कूटर असते." "मागे टाकीजवळ ने, पुढून शोभा जाते." "सव्वासात कशाला, तीन मीटर कर." म्हटलं, तीन मीटर केला तर आत्या घसरत थेट समोरच्या सलूनमध्ये जाऊन थांबेल. तर खजिनदार काय म्हणावेत? "फाटक लावून घेऊ की." वर सेक्रेटरी आहेतच, "फाइल दिली आहे ना आपण, कर म्हणतात तसं." तासाभरात माझा उतार कचऱ्याच्या डब्यांमागे, दीड मीटरचा होऊन, भिंतीकडे तोंड करून उभा.

दारातून आत्याचा आवाज आला, वर्गातला. "माझा उतार कुठवर पोचला गं?"

मी म्हटलं, लॅपटॉप अडकलाय, पाच मिनिटं द्या. पाठ करून बसले, उतार उचलून पायऱ्यांशेजारी ठेवला, सव्वासात मीटर, आणि त्या नकाशाची, स्वतःच्या हाताने, पीडीएफ केली.

"आता जरा उजवीकडे," खजिनदार म्हणाले.

"आता नाही हलत. पीडीएफ आहे."

मग खजिनदारांनी मान हलवली. "पीडीएफ झाली म्हणजे पक्कंच की. आता कोण काय बोलणार?" दोन मिनिटांत मंजूर, सह्यांसकट.

निघताना सेक्रेटरीकाकांनी मला बाजूला घेतलं. "बघ, पीडीएफनेच काम झालं. मी पहिल्याच दिवशी दिली होती तुला. उगाच अकरा दिवस घालवलेस."

तोंड उघडलं होतं मी. पण सह्यांचा कागद अजून त्यांच्याच हातात होता.

म्हटलं, "हो काका. चुकलंच माझं."